वीतभर अंतरावरून

मे महिना आला की नॉटिंगहॅमच्या आमच्या भागात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. रस्त्याकडेच्या कुंपणांवर हॉथॉर्नचा पांढरा फुलोरा उतू जायला लागतो, आणि सकाळच्या ट्रॅममध्ये पारदर्शक पेन्सिल-केस हातात धरलेली मुलं दिसायला लागतात. हॉथॉर्न लांबून बघावा. इतका शुभ्र की वाटेत थांबावंसं वाटतं. जवळ गेलं की त्याला एक शिळा, किंचित कुजका वास येतो. मुलं शिंकत असतात. या देशाने परीक्षांसाठी वर्षातले नेमके तेच आठवडे निवडलेत, ज्यांत हवा परागांनी भरलेली असते. नाक पुसत, सुजलेल्या डोळ्यांनी पोरं आपलं भविष्य लिहून येतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

यंदा आमच्या इराची ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची पुस्तकं पसरलेली असतात आणि मी एका कोपऱ्यात भाजी चिरते. समजावून सांगितलं की तिच्या लक्षात राहतं, म्हणून मी तिची विद्यार्थिनी. परवा फिजिक्स होतं. लांबची वस्तू लहान का दिसते, हा धडा. वस्तू लहान होत नाही, ती डोळ्याशी करते तो कोन लहान होतो. अंतर दुप्पट केलं की कोन निम्मा. चंद्र आणि सूर्य आपल्याला सारखेच दिसतात, कारण सूर्य चंद्राच्या चारशेपट मोठा आणि जवळपास तेवढ्याच पटीने लांब.

"साइझ भागिले डिस्टन्स, बस्स," ती म्हणाली. "तेवढाच अँगल डोळ्याला मिळतो."

मग ती जरा थांबली. पेन्सिलचं टोक दाताखाली धरून तिने समासात काहीतरी आकडेमोड केली. मला वाटलं, पुढचं गणित. पण तिने वही माझ्याकडे सरकवली तेव्हा दिसलं, तिने दोन त्रिकोण काढले होते. एकावर लिहिलं होतं मामा, दुसऱ्यावर आई.

"टॅबवर मामाचा चेहरा एवढा, आजोबांच्या डोळ्यापासून एवढा लांब. तू टेबलच्या त्या साइडला," ती म्हणाली. "रफली, मामा तुझ्यापेक्षा तिप्पट मोठा होता."

मी म्हटलं, बरोबर असेल. आणि कांदा चिरायला घेतला.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात इरा जीसीएसईला, इथल्या दहावीला, बसली होती आणि माझे वडील आमच्याकडे होते. साताऱ्याच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. आई गेल्यावर ते तिथे एकटे राहत. फोनवर सगळं ठीक असायचं. मग शेजाऱ्यांनी कळवलं की सर रस्त्यात ओळखीच्या माणसांकडे न बघता पुढे निघून जातात, लोकांना राग येतो. पुण्याला तपासणी केली तेव्हा कळलं, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं. म्हणून मी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर घेऊन आले. सहा महिन्यांत पुढचं काहीतरी ठरेल, असं तेव्हा वाटलं होतं.

ते आले फेब्रुवारीत, दिवस अजून लवकर मावळत होते तेव्हा. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. नवरा, मिलिंद, आठवड्यातले चार दिवस केंब्रिजला असतो. इरा शाळेत. बाबा खिडकीशी बसून राहत. त्यांच्याशी बोलायला गेलं की ते आपल्या कानाच्या मागे कुठेतरी बघायचे. तसं तिरकं बघितलं तर त्यांना माणसाची बाह्याकृती मिळायची. सरळ बघितलं तर चेहऱ्याच्या जागी करडा डाग. सुरुवातीला मी उगीचच मागे वळून पाहायची, कोण आलंय म्हणून.

मार्चमध्ये त्यांना हाय स्ट्रीटवरच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथे अंधूक दृष्टीच्या लोकांना तपासणाऱ्या एक बाई होत्या, साठीच्या, अतिशय शांत. त्यांनी बाबांना भिंतीवरच्या अक्षरांपुढे बसवलं. सगळ्यांत वरचं मोठं अक्षरसुद्धा बाबांना लागेना. तेव्हा त्यांनी भिंग आणलं नाही, चष्मा बदलला नाही. बाबांची खुर्ची पुढे सरकवून निम्म्या अंतरावर आणली. मग त्याच्या निम्म्या. बाबा एकेक ओळ खाली उतरत वाचायला लागले. बाई म्हणाल्या, चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही. दोनच उपाय आहेत, जवळ जा किंवा मोठं करा. डोळ्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. टीव्हीला नाक लागेल इतकं जवळ बसलात तरी चालेल, लाजू नका. आणि चेहरे सगळ्यांत कठीण जातात, तर माणसांना जवळ यायला सांगा.

मी हे सगळं मराठीत करून सांगितलं. बाबांनी मान डोलावली. माणसांना जवळ यायला सांगा, हे मी सांगितलं तेव्हा मात्र ते हसले. परत येताना ट्रॅममध्ये म्हणाले, चेहऱ्यांचं काय एवढं, मी आवाजावरून ओळखतो सगळ्यांना.

त्यांचं म्हणणं मला समजत होतं. वीतभर अंतरावरून त्यांना चेहरा दिसू शकत होता. पण वीतभर अंतरावर माणूस कुणाला येऊ देतो? बाळाला, नाहीतर बायकोला. सत्तेचाळीस वर्षांच्या मुलीने वडिलांच्या तोंडाशी तोंड नेऊन उभं राहावं, अशी आमच्या घराची रीत नव्हती. मी सासरी निघाले तेव्हाही बाबांनी लांबूनच डोक्यावर हात ठेवला होता. आमच्यातलं अंतर नेहमी टेबलाएवढं, आणि तेवढ्या अंतरावर मी त्यांच्यासाठी करडा डाग होते.

टॅबला असली लाज नव्हती.

रविवारी संध्याकाळी माझा धाकटा भाऊ अभय कॅल्गरीहून व्हिडिओ कॉल करायचा. तिकडे तेव्हा दुपार. इराचा जुना टॅब बाबा दोन्ही हातांनी उचलून अगदी डोळ्यांसमोर धरायचे. अभयचा चेहरा पडदा भरून. बाबा मान किंचित तिरकी करायचे आणि मग त्यांच्या तोंडावर जे पसरायचं ते बघवत नसे आणि न बघता राहवतही नसे. त्यांना दिसायचं. त्याचे डोळे, दात, हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण. आठवडाभर बाबा त्याच्यावर जगायचे. सोमवारी सकाळी चहाबरोबर, अभय जरा सुटलाय. मंगळवारी, त्याच्या मागच्या भिंतीचा रंग बदललाय वाटतं, आधी पिवळट होता. मी समोर बसलेली असायची. पोळीवर तूप लावत, हं म्हणत.

कधीकधी आम्ही वोलेटनच्या पार्कात जायचो. तलावाच्या काठावरून टेकडीवरचा जुना महाल दिसतो. एका शनिवारी इराने कंटाळून हात लांब केला, एक डोळा मिटला आणि तो अख्खा महाल अंगठ्याच्या नखामागे झाकला. तिने ते सांगितल्यावर बाबा एकदम मास्तर झाले. म्हणाले, अंगठा नको, पेन्सिल घे. कोपर सरळ. कोपर वाकलं की माप चुकलं. माझ्या पर्समध्ये पेन होतं, ते त्यांनी हातात घेतलं, हात ताठ केला आणि तिला शिकवायला लागले, पेनाच्या टोकाला महालाचं छत लावायचं, अंगठ्याने पायथा धरायचा, तेवढं माप कागदावर उतरवायचं. आपल्याला ती गोष्ट केवढी आहे हे माहीत असतं आणि तेच नडतं, ते म्हणाले. माहिती विसरायची आणि डोळ्याला दिसतं तेवढंच काढायचं. लांबचं लहान, जवळचं मोठं, चित्रात खोटं बोलायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांना त्यांनी हेच सांगितलं होतं. शिकवताना त्यांचा हात महालाच्या दिशेने नव्हताच. तलावाच्या मोकळ्या भागाकडे रोखलेला होता. इराने त्यांचं कोपर हळूच धरलं आणि बरोबर दिशेला फिरवलं.

इराची परीक्षा सुरू होऊन दोन-चार दिवस झाले असतील. सकाळी दात घासताना चूळ भरली तर पाणी उजव्या कोपऱ्यातून गळून ब्लाउजवर आलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर माझा अर्धा चेहरा झोपलेला होता. उजवी भुवई हलेना, उजवा डोळा मिटेना, हसून पाहिलं तर डावीकडची बाई हसली आणि उजवीकडची नुसती बघत राहिली. हॉस्पिटलमध्ये जाऊन आधी स्ट्रोक नाही याची खात्री केली. बेल्स पाल्सी. चेहऱ्याची नस सुजते, बहुतेकांची आपोआप बरी होते, काहींची पूर्ण होत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर चिकटपट्टी.

दिसायला कसं होतं ते बाहेरच्यांनी सांगितलं, न बोलता. ट्रॅममध्ये समोरचा माणूस एकदा बघायचा आणि मग ठरवून खिडकीबाहेर बघायचा. फार्मसीच्या खिडकीवर रुग्ण मला सहानुभूती दाखवायला लागले. मिलिंद केंब्रिजहून धावत आला, दोन दिवस राहिला, परत गेला. इराला मी बजावलं होतं, आजोबांना सांगायचं नाही. त्यांचं ब्लडप्रेशर वर होतं. आणि मनात होतंच, चार-दोन दिवसांत त्यांना कळेलच की.

नाही कळलं. आठवडा गेला, दुसरा गेला. मी त्यांच्यासमोर जेवत होते, अन्नाचा घास गालात अडकत होता, बोटाने सोडवत होते. ते माझ्या कानामागे बघत हॉथॉर्नच्या वासाबद्दल बोलत होते. ओठ नीट मिटत नसल्याने प, फ, ब, म ही अक्षरं माझ्या तोंडून धड निघत नव्हती. 'बाबा' म्हणताना 'वावा' व्हायचं. आवाजावरून सगळ्यांना ओळखणारे बाबा एकदा म्हणाले, "घास खाऊन मग बोलावं गं." मी म्हटलं, हो.

त्याच दिवसांत अभयने सांगितलं होतं की जूनमध्ये तो येणार आणि बाबांना घेऊन जाणार. इथे आमचं एका वकीलबाईंना विचारून झालं होतं. आईवडिलांना कायमचं ठेवून घेणं या देशात जवळजवळ अशक्य आहे. कॅनडात पालकांना वर्षानुवर्षं राहता येतं. त्यामुळे वाट एकच होती आणि ती अभयकडे जात होती. बाबांनी हे समोरच्या घरातल्या मार्गारेटबाईंना इंग्रजीत सांगितलं, पार्कातल्या कुत्रा फिरवणाऱ्याला सांगितलं, साताऱ्याला फोन करकरून सांगितलं. माय सन इज कमिंग. मी त्यांच्या शेजारी उभी असायची, त्यांच्या कोपराला धरून.

मग एका रविवारचा तो कॉल. दुसऱ्या दिवशी इराचा फिजिक्सचा पेपर होता. ती टेबलाच्या एका टोकाला सूत्रं लिहीत होती, मी तिच्या शेजारी. कॉल संपला. बाबांनी टॅब मांडीवर ठेवला आणि आनंदाने म्हणाले, अभयने मिशी काढली. मग म्हणाले, पण डोळ्यांखाली काळं आलंय. झोप होत नाही पोराची. कुणी विचारतं की नाही तिथे त्याला, कोण जाणे.

माझी झोप होत नव्हती त्याला तीन आठवडे होत आले होते. चिकटपट्टी सुटायची, डोळा उघडा पडायचा, कोरडा होऊन आग व्हायची. इराने हायलायटर टेबलावर आपटला.

"आजोबा, आईचा तोंड वाकडा झालाय," ती म्हणाली.

"आईचं तोंड वाकडं झालंय," बाबांनी दुरुस्त केलं. शिक्षक होते, आधी लिंग, मग अर्थ. मग ते माझ्या दिशेला वळले. "कशावरून? मी काही बोललो का?"

"तसं नाही. रुसली नाहीये ती," इरा म्हणाली. "खरंच वाकडा. लिटरली. हाफ फेस हलत नाही तिची. थ्री वीक्स झाले. तुम्हाला मामाचे डार्क सर्कल्स दिसतात."

इरा पुस्तकं उचलून वर गेली. बाबांनी टॅब बाजूला ठेवला. मग त्यांनी हात पुढे केला, म्हणाले, इकडे ये, उजेडात ये. मी उठून खिडकीशी त्यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. माझ्यापासून हातभर लांब.

"बाबा, अजून जवळ या. त्या बाई म्हणाल्या होत्या तसं," मी म्हटलं. बाबा हा शब्द तेव्हाही नीट उमटला नाही.

ते जरासे पुढे वाकले. मग थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या. "बरी आहेस की," ते म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत टेकले. नंतर म्हणाले, मला सांगायचं तरी. त्यात राग नव्हता, थकवा होता. मी आत जाऊन भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी पेपर देऊन आलेल्या इराला त्यांनी पेपर कसा गेला ते तीनदा विचारलं. पुढच्या रविवारी अभयला त्यांनी माझ्याबद्दल सांगितलंही, पण टॅबपाशी जाताच त्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. ताईच्या चेहऱ्याला जरा काहीतरी झालं होतं, बरं होतंय आता, तू कधी निघतोयस ते बोल.

अभय निघाला नाही. जूनचा जुलै झाला, ऑफिसात कुठलंसं काम अडलं. मग मुलांच्या सुट्ट्यांचं जमेना. मग घराचं काही दुरुस्तीचं निघालं, बाबांना जिना चढावा लागेल, एवढ्यात नको. खोटं एकही नव्हतं, हे मी आजही कबूल करते. त्याची बायको आजारी असायची, नोकरी डळमळीत होती. प्रत्येक कारण आपापल्या जागी खरं होतं आणि सगळी मिळून एक भिंत होती. बाबांचा व्हिसा संपायला आला तेव्हा मी त्याला दुपारी, बाबा झोपलेले असताना, फोन केला. त्याला ते सकाळी सकाळी पडलं.

"ताई, तुला तिथून वाटतं तेवढं सोपं नाहीये हे," तो म्हणाला.

"मी तिथून बोलत नाही, अभय. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरून बोलतेय."

मग म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की. बाबांना हे कसं सांगायचं याचा विचार मी दोन दिवस केला. पण त्याने रविवारी स्वतःच सांगितलं, टॅबमधून, वीतभर अंतरावरून. आणि बाबा म्हणाले, अरे, त्यात काय एवढं, तू तुझं सांभाळ. कॉल संपल्यावर मला म्हणाले, किती वाईट वाटलं त्याला, डोळ्यांत पाणी होतं.

मी कधी रडले ते त्यांना दिसलं नाही, असं लिहून टाकणं सोपं आहे. पण त्या दिवसांत माझा उजवा डोळा सतत गळत असायचा, रडले तरी आणि नाही रडले तरी. त्यामुळे नक्की किती रडले ते मलाही सांगता यायचं नाही.

जुलैच्या अखेरीस मी त्यांना परत तिकडे घेऊन गेले. साताऱ्याच्या घरी एकटं राहणं त्यांना शक्य नव्हतं. वाईजवळ वयस्कर लोकांसाठी एक चांगली जागा मिळाली. स्वच्छ, कृष्णेच्या काठाला, चार माणसं बोलायला. टॅब मी त्यांच्या उशाशी ठेवला, तिथल्या मुलीला कॉल लावून द्यायला शिकवलं. निघताना बाबांनी लांबूनच डोक्यावर हात ठेवला. माझा चेहरा तोपर्यंत बराचसा जागा झाला होता. उजव्या ओठाचा कोपरा तेवढा अजून खाली उतरतो, थकले की जास्त.

यंदाच्या जानेवारीत बाबा गेले. झोपेत, फारसा त्रास न होता. फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. हीथ्रोहून मिळेल ते विमान पकडलं, मुंबईहून गाडी केली. मी पोचले तेव्हा गुरुजी बसलेलेच होते. मी म्हटलं, करू या. ते म्हणाले, चिरंजीव येतायत ना, थांबू. थांबलो. रात्रभर बर्फाच्या पेटीशेजारी मी आणि बाबांचे एक जुने विद्यार्थी बसून होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी अभय आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. दारातून आत येताच बायका हळहळल्या. केवढ्या लांबून आला हो पोरगा. सगळं सोडून आला. दिवसभर मी तेच ऐकत होते. वाईहून नॉटिंगहॅम किती लांब आहे ते कुणी विचारलं नाही. मी येणारच होते, मी नेहमीच आलेली असते. घरात रोज पाण्याचा माठ दिसतो तशी मी त्यांना दिसत होते, म्हणजे दिसत नव्हते.

अभय माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्यावर रागवायची ताकद माझ्यात नाही, हे त्याच दिवशी कळलं. राग यायला माणूस थोडा तरी मोठा दिसावा लागतो. तो मला इतका लहान दिसत होता. तेराव्याला तो परतीच्या विमानात बसला. आता आमचे रविवारचे कॉल नाहीत. महिन्यातून एखादा मेसेज. इराला ऑल द बेस्ट सांग.

मिलिंद म्हणतो, सोड आता, तू जेवढं केलंस तेवढं कुणी केलं नसतं. हे वाक्य मला नको असतं. मी केलं, हे मला माहीत आहे. मला ते बाबांना माहीत असायला हवं होतं. माणसाला एवढंच तर हवं असतं, की ज्याच्यासाठी आपण केलं त्याने एकदा नजर वर करून आपल्याला नीट पाहावं. आणि बाबांनी एकदा पाहिलं. तेही सांगून टाकते.

ते जायच्या आधीचा ऑक्टोबर. इराच्या शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत मी एकटीच आठवडाभर वाईला गेले होते. नदी भरून वाहत होती, ऊन स्वच्छ होतं. बाबा व्हरांड्यात बसले होते. आता त्यांना कडेचंही अंधूक झालं होतं. मी माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला भिडवून बसले. इराचं बोललो, मार्गारेटबाई वारल्याचं सांगितलं. बोलता बोलता ते थांबले आणि त्यांनी चाचपत माझी हनुवटी धरली. वर्गात मॉडेल बसवताना मुलांची धरत तशी, बोटांच्या टोकांनी. माझा चेहरा त्यांनी उजेडाकडे वळवला. आणि मग ते वाकले.

हातभर. मग वीतभर. मग त्याहून जवळ. त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास होता. समोरून कोणी जात होतं, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. मान तिरकी करून, चेहऱ्याच्या एका कडेपासून सुरुवात करून ते मला तुकड्यातुकड्याने बघायला लागले. कान. गाल. नाक. इतक्या जवळून त्यांनी मला पाळण्यात असताना पाहिलं असेल, त्यानंतर नाही. उजव्या ओठाच्या कोपऱ्यापाशी त्यांची नजर रेंगाळली. मला वाटलं, आता विचारतील. पण ती वर सरकली, डोळ्यांवरून, भुवयांवरून, केसांपर्यंत, आणि तिथे थांबली. त्यांचा चेहरा उजळला.

"कपाळ अगदी अभयचं आहे," ते म्हणाले.

अभय माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. तो जन्मायच्या आधी पाच वर्षं ते कपाळ एकट्या माझं होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. ते अजून बघत होते, म्हणून मी हलले नाही.